मला वाटतं, वरचा स्क्रू ढिला आहे

...आणि वर बसायला मऊ खुर्ची देतात हो! मऊ खुर्चीचा मला भरवसा नाही, दाताच्या डॉक्टरकडेही मऊच असते. घाबरलो नव्हतो, तुम्हाला सांगतो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, खाली सगळा काळोख आणि मी लिफ्टच्या टपावर उभा, मी कशाला घाबरू? पण समोर त्या समुपदेशनवाल्या बाई शांत बसलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा खोका, त्यातला एक आधीच अर्धा बाहेर ओढलेला... म्हणजे इथे रडवतात, तेही तयारीनिशी!

गेलो कशाला म्हणाल तर बायकोमुळे. एरवी कडाकडा भांडणारी बाई, एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाली, "या घरात मी एकटीच राहते असं वाटतं. तुम्ही कोणाशी तरी बोला, नाहीतर मी ताईकडे जाते राहायला." ओरडली असती तर चाललं असतं हो, त्याची सवय आहे! मी "बरं" म्हटलं, उठलो, ताट धुतलं. घाबरलो नव्हतो, फक्त तेच ताट पुन्हा धुतलं.

तर बाई विचारतात, तुम्हाला काय वाटतं? म्हटलं, मला वाटतं तुमच्या दाराचा वरचा स्क्रू ढिला आहे. त्या म्हणाल्या, हे मत झालं, वाटतं काय? मी नीट विचार करून म्हटलं, मला वाटतं बिजागरीच बदला. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसत्या थांबल्या... अहो, माणसानं थांबावं तरी किती? आमच्याकडे एवढा वेळ काही हललं नाही तर लोक तक्रार करतात! त्या शांततेला भिऊन मी होती नव्हती तेवढी मतं सांगून टाकली, मेव्हणीबद्दल, रस्त्यांबद्दल, पंख्याबद्दल, आणि दर वेळी तेच, "आणि वाटतं काय?" भाषेनंच घात केला बघा, डोक्यातलंही वाटतं आणि पोटातलंही वाटतं, मला आपलं डोक्यातलंच ठाऊक!

मग त्यांनी माझ्या कामाचं काढलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला काय सांगता? म्हटलं, घाबरू नका म्हणतो. मग थांबतो का तो घाबरायचा? छे, आणखी ओरडतो. मग कशानं थांबतो? म्हटलं, तो म्हणतो फार भीती वाटतेय हो, मी वरून म्हणतो, ऐकतोय, मी इथेच आहे... तेव्हा निवतो.

"तुमच्या घरी हे कोण कोणाला म्हणतं?"

मी रुमाल घेतला. घाम पुसायला! घाबरलो नव्ह... जाऊ दे, खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. ती गेली तर माझं काय, या विचारानं तोंडातून "बरं" सोडून काही फुटायचं नाही. बाई म्हणाल्या, हेच तिला सांगून बघा. सोपं आहे होय! किती आठवडे नुसता तिथे जाऊन सराव केला.

शेवटी परवा धीर केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घड्या दिसल्या की मला पुढची बॅगच दिसते. म्हटलं, "तू जाशील याची मला भीती वाटते."

ती तशीच थांबली, हातात माझाच शर्ट. म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला काही फरकच पडत नाही."

"पडतो."

मग ती खाली बसली, मीही बसलो, आणि बरंच बोललो. ताईकडे जायचं तिनं रद्द केलं.

सुटलो म्हणता? काल म्हणाली, तुमच्यात फरक पडला, आता मीही तशाच एका बाईंकडे जाणार, मलाही बरंच काही वाटतं. बरंच काही! इतक्या वर्षांचं, दाबून ठेवलेलं, ते सगळं आता वर येणार आणि आमच्याच स्वयंपाकघरात येणार, आणि "बरं" म्हणून निसटायची सोय मी स्वतःच्या हातानं बंद केलेली! म्हटलं, जा तू, पण मला आतापासूनच भीती वाटतेय.

तर म्हणते कशी, "वाटू दे."