जावईबापूंची थरथर

…आणि वर सगळे मलाच विचारतात हो, "तू तोंड का नाही उघडलंस?" कसं उघडणार? तुम्हीच सांगा! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली मुलगी, समोर खुर्चीत आत्या, आत्यापुढे चटई, आणि चटईवर मी… गुडघ्यांवर! आमच्या मसाका भागात थोरामोठ्यांची विचारपूस गुडघ्यांवर बसूनच व्हायची, आणि आत्याची विचारपूस म्हणजे… "घरचे कसे आहेत?" बरे आहेत. "हंऽऽ." "शेजारचे?" तेही बरे आहेत. "हंऽऽ." "केळीची बाग?" आता कंपाला शहरात आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, बाग कुठली? पण बरी आहे म्हणायचं!

तर तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांना, म्हणजे लुब्वामांना, लहानपणापासून मधुमेह. जेवायच्या तोंडावर पोटात इन्सुलिन टोचायचं आणि लगेच पानावर बसायचं. टोचलं आणि जेवण लांबलं, की रक्तातली साखर घसरते… घाम, थरथर, मग समोर बसलेला माणूस बसल्या जागी कुठेतरी निघून जातो. वेळेत काही गोड पोटात गेलं नाही तर तो परत यायचाही नाही! हे त्यांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं. माहेरी मात्र चकार शब्द काढायचा नाही. "तुझी आत्या म्हणेल, पोर आजाऱ्याच्या गळ्यात बांधली." बरं, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या कायम. त्या दिवशीही होत्या! पण अंगणात माझी भाचरं धावत आली, "काका, खिशात काय आहे?" आणि आमचा कर्ण… दिल्या की सगळ्या वाटून!

आई पडद्याआड, स्वयंपाकात. आमच्याकडे सासू जावयासमोर येत नाही, जावई सासूकडे बघत नाही, आणि एकमेकांना शिवणं तर नावच नको. शिवलं की ओबुको लागतो म्हणतात. ओबुको म्हणजे थरथर. हात सुटतात ते थांबतच नाहीत. म्हणून पडद्याआडूनच आई म्हणाली, "मातोके शिजलं होऽऽ!"

झालं. हे उठले, मागच्या अंगणात गेले, आणि अंगातल्या लांब झग्याची बटणं लावत परत आले. टोचलं वाटतं! अहो, वसतिगृहात वाढलेला माणूस, मातोके ताटातच उगवतं अशी समजूत. आमच्याकडे 'शिजलं' म्हणजे अर्धं झालं! मग ते केळीच्या पानांत बांधलेल्या कच्च्या केळ्यांचं गाठोडं उतरवायचं, वाफाळतं असतानाच वरून दाबून दाबून मऊ करायचं, आणि पुन्हा मंद आचेवर चढवायचं. त्यातून जावई पहिल्यांदा जेवणार… म्हणजे आईची आच किती मंद असेल, विचार करा. मी डोळ्यांनी खुणावतेय, हे आत्याकडे बघून हसताहेत. आणि मी गुडघ्यांवर!

थोड्या वेळानं ह्यांच्या कपाळावर घाम. आत्या खूश, मला म्हणते, "बघ गं नाबोसा, किती मर्यादा आहे पोराला! सासुरवाडीत घाम फुटलाय!" मग बोलणं बंद झालं. "मितभाषी आहे हो." मग पेला हातातून निसटला आणि पाणी झग्यावर. "लाजतोय!" …आणि मग आत्यानं ते हात बघितले. चाळणी धरल्यासारखे थरथरत होते. आत्याचं हसू मावळलं.

"वहिनी! शिवलीस का काय तू जावयाला?"

पडद्याआडून, "मी? अगं, मी माझी सावलीसुद्धा पडू दिली नाही!"

"मग हा ओबुको आला कुठून? जावईबापू, खरं सांगा, हात लागला का?"

"हो," हे म्हणाले. आता त्या अवस्थेत ह्यांना कुणी काहीही विचारा, 'हो'च म्हणतात.

"कुठे?"

"बसमध्ये."

"बसमध्ये! वहिनी, तू बसमध्ये कधी गेलीस?"

मी म्हटलं, "आत्या, साखर…" "मिळाली हो साखर, भेटीबरोबरच आली, दोन पुडे. आत्ता त्याचं काय? उताऱ्याला कोंबडा लागेल, मोठ्या माणसांना बोलवावं लागेल…" आणि तुम्हाला सांगते, तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे डोळे माझ्याकडे होते. आत कुणी नव्हतं. रोज सकाळी माझ्या चहाला नावं ठेवणारा माणूस, घराला कुलूप लावून गेल्यासारखा…

मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा. "साखर द्याऽऽ! मरतील ते!" आणि उठायला गेले तर पाय कुठे होते? बधिर! दोन्ही! चटईवर तोंडावर पडले. नवरा चाललाय, आणि बायको गुडघ्यांवरसुद्धा नाही, कोपरांवर!

आणि पडदा हलला.

आई आली. मातोकेच्या वाफेनं लाल झालेले हात, दातांत साखरेचा फाडलेला पुडा, ह्यांनीच आणलेल्या भेटीतला. माझी आई, जी शेजारच्या गावचा जावई रस्त्यात दिसला तर केळीत शिरते, ती सगळ्यांदेखत चटई ओलांडून आली, ह्यांच्या शेजारी बसली, हनुवटी धरली आणि साखर तोंडात घातली. वर पाणी. "गीळ." परत साखर. "गीळ, बाळा." आत्याचा हात तोंडावर. मी कोपरांवरून बघतेय… काय असतं हो साखरेत? पांढरी भुकटी, चहात ढवळून विसरून जायची वस्तू! आणि त्या मूठभर भुकटीवर एक अख्खा माणूस पायरी पायरीनं परत वर येतो! आधी ओठ आले. मग भुवया. मग डोळ्यांत कुणीतरी दिवा लावला, आणि ह्यांनी बघितलं की हनुवटी कुणाच्या हातात आहे… खुर्चीतून उडालेच! "आई! तुम्ही!"

"बस खाली," आई म्हणाली. "आधी गीळ. मग लाज."

मग मी सगळं सांगितलं, सुईपासून गोळ्यांपर्यंत. आईनं अर्धवट मातोकेच ताटात वाढलं. कच्चट होतं, पण हे जेवले, आणि आत्या मात्र आईच्या हातांकडे टक लावून. आता थरथरतील, मग थरथरतील… आईनं डोईवरून पाण्याची घागर आणली, थेंब सांडला नाही. आणि ह्यांचे हात? शिवल्यावर थांबले! आत्याचं आयुष्यभराचं शास्त्र उलटं झालं हो. बिचारी कितीतरी वेळ हंऽऽ सुद्धा म्हणाली नाही.

अखेर संध्याकाळी निकाल लागला. सासूच्या मुठीत साखर असेल तर शिवलेलं चालतं! तेव्हापासून आम्ही गेलो की आई पडद्याआड मूठ आवळून तयार, हे तिला पडद्याआडून हक्कानं हाका मारतात, आत्या सगळ्या गावाला 'आमच्या जावयाचा आजार' कौतुकानं सांगते. जावयाला सूट, सासूला सूट.

आणि मी? मी आहेच की… गुडघ्यांवर. "केळीची बाग कशी आहे?" बरी आहे, आत्या. फक्त आता कमरेला साखरेची पुरचुंडी असते, आणि मधूनमधून पाय हलवून बघते.