टेकायचा ओळंबा

रंगारी : ...नीट धरा म्हणे! मी काय टेपशी कुस्ती खेळतोय?

सर : पुटपुटू नका. तीन गुणांची कमान सहा पंचवीसवर होती, आता सहा पंचाहत्तरवर न्यायची. अर्धा मीटर. चंद्रावर न्यायची नाही.

रंगारी : बास्केटबॉलची अकरा कोर्टं आखलीत मी. अठ्ठावीस बाय पंधरा झोपेतसुद्धा आखतो.

सर : झोपेतच आखत असणार. शेजारच्या शाळेतली तुमची रेघ पाहिली. साप गेल्यासारखी.

लेक : बाबा, टेप मी धरते. तुमची कंबर दुखतेय.

सर : राहू दे. तुझे हात थरथरतात.

लेक : टेप धरताना नाही थरथरत.

सर : हो, नेमके फायनललाच थरथरतात. ऐका रंगारी, परक्या कोर्टावर शेवटचे दोन फ्री थ्रो. एक पडला असता तर बरोबरी, दोन पडले असते तर कप. समोर अडवायला चिटपाखरू नाही, आणि दोन्ही आखूड! रिंगच्या पुढच्या कडेवर ठण्ण. कच खाल्ली हिने.

लेक : तीन वर्षं झाली त्याला. खेळ सोडला मी, तरी तुमचं सुटत नाही.

सर : सोडलासच. भित्रेपणाला औषध नसतं.

रंगारी : सर, तोंडाचा पट्टा आवरा जरा. रिंगच्या मधून ओळंबा सोडायचाय. कमान तिथूनच मोजतात.

(रंगारी शिडीवर चढून रिंगच्या मधोमध टोकाला वजन बांधलेली ओळंब्याची दोरी धरतो.)

लेक : काका, ओळंबा आडवा पडलाय. दोरी वर घ्या.

रंगारी : आणखी कुठे वर घेऊ? गाठ रिंगलाच धरलीय. तीन मीटर पाच सेंटिमीटरवर मारलेली गाठ आहे ही. अकरा कोर्टांवर ओळंबा नुसता टेकला. तुमच्या इथे लोळतोय.

सर : दोरी तुमच्यासारखीच सैल असेल.

रंगारी : मग टेप लावा ना. ताई, हे टोक मी रिंगला धरतो. खाली किती?

लेक : दोन पंच्याण्णव.

सर : काहीतरीच! छोट्या पोरांची रिंग दोन साठवर, मोठ्यांची तीन पाचवर. दोन पंच्याण्णव जगात कुणाचीच नसते. हे खांब मी स्वतः मोजून उभे केलेत.

रंगारी : केलेत ना. मग पाच वर्षांपूर्वी भेगा गेल्या म्हणून कोर्टावर चार इंचांचा नवा थर ओतून घेतलात. तो गवंडी माझा मेहुणा. म्हणाला होता, खांबही उचला. तुम्ही काय सुनावलंत त्याला?

सर : मला नाही आठवत.

रंगारी : त्याला आठवतं. "थापी धरणाऱ्याने मला खेळ शिकवू नये."

लेक : इथे दहातले नऊ पडायचे माझे. बाहेर रिंग दहा सेंटिमीटर वर, सगळे आखूड. माझेच नाही, सगळ्या मुलींचे.

सर : तुला... माहीत होतं?

लेक : फायनलनंतर महिन्याभराने शिडी लावून मोजलं होतं.

सर : आणि मूग गिळून बसलीस?

लेक : बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, भित्री आता कारणं शोधतेय.

रंगारी : सर, कमान मारू का आधी रिंग वर घेऊ? रंग सुकतोय डब्यात.

सर : सुकू दे. खाली या तुम्ही.

लेक : बाबा, बसा जरा. कंबर...

सर : कंबरेला काही झालेलं नाही. पोरी, त्या दिवशी तू कच खाल्ली नव्हतीस.