बादशहाच्या सुनेचा चहा आणि माझं 'नको'

...आणि वर मलाच बोल लावतात. माणसाने सभ्यपणा दाखवला, यात त्याचं काय चुकलं, सांगा. आमच्या दीपेशचं जमत आलेलं लग्न एका कपापायी मोडायला आलं होतं, हे कबूल. पण घरात अजून असं बोलतात की जणू मी तो कप भिंतीवर फेकला. तुम्हाला सांगतो, मी साधा मसालेवाला. शाळा अर्ध्यात सुटली, इथे परदेशात येऊन लिटल इंडियात दुकान टाकलं आणि समोर गिऱ्हाईक येईल तशी भाषा शिकत गेलो. हिंदी झाली, इंग्लिश झालं, तमिळ झालं, मलय झालं. चिनी तेवढं राहिलं. आणि नेमकी सून चिनी.

ह्वी मिन तिचं नाव. दीपेशच्याच ऑफिसात, चांगी बिझनेस पार्कला. गुणी पोर. वडील नाहीत, आईनेच वाढवलेली. त्या आईने, म्हणजे मिसेस टाननी, आम्हाला पहिल्यांदा भेटायला बोलावलं कुठे? तर सिनेमाला. आधी सगळ्यांनी मिळून सिनेमा, मग त्यांच्या पुंगोलच्या फ्लॅटवर चहा. आणि सिनेमा कसला, तर चीनच्या बादशहाच्या घरातल्या भाऊबंदकीचा.

आता बादशहा एक, राण्या तीन, मुलगे ढीगभर, आणि सगळ्यांच्या अंगावर तीच सोनेरी वस्त्रं. ओळखायचं कसं? खाली इंग्लिश अक्षरं येतात, पण मी एक ओळ लावून वाचतो तोवर दोन माणसं मेलेली. दीपेशला विचारलं, "हा कोण रे?" इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाला, "सेकंड प्रिन्स लाह, बाबा. हळू बोला." बरं, मग तो दाढीवाला? "तोही सेकंड प्रिन्सच. मघाशी लहान होता."

आणि आमची अरुणा. तिला चिनी येत नाही, खालची अक्षरं ती वाचत नाही, पण तुम्हाला सांगतो, तिला सगळं कळत होतं. "अहो, ती थोरली हसतेय ना, ती गोड बोलून मधलीचा काटा काढणार." काढलाच. "त्या धाकट्याला गादी नकोय हो, त्याला बायको घेऊन वेगळं राहायचंय." अगदी तसंच. म्हटलं, तुला गं कसं कळतं? म्हणाली, "चार जावांत नांदलेय मी." पलीकडे मिसेस टान डोळे पुसत होत्या. त्यांनी हिला टिश्यू दिला, हिने त्यांना आवळासुपारी दिली, झाल्या दोघी मैत्रिणी. मी आपला राजवाड्यातल्या मेणबत्त्या बघत बसलो. भरदिवसासुद्धा हजारो... म्हटलं, यांना माल पुरवतो तोच खरा बादशहा. मग पॉपकॉर्न आणायला उठलो. परत येतो तर आख्खं थेटर मुसमुसतंय आणि धाकटी सून विहिरीत. मी विचारलं, काय झालं? तर चौघांनी मिळून मला शू केलं. यात माझं काय चुकलं?

मग पुंगोल. मला आणि अरुणाला सोफ्यावर मधोमध बसवलं. ह्वी मिन आली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांत बशी, बशीत इवलासा कप, मान खाली. "अंकल, ड्रिंक टी."

आता तुम्हीच सांगा, पहिल्या भेटीला आपल्यात कुणी लगेच हात पुढे करतं का? हावरट म्हणतील. आपण 'नको' म्हणायचं, त्यांनी 'असं कसं' म्हणायचं, आपण 'खरंच नको', त्यांनी 'अर्धा तरी', मग कुठे घ्यायचा. तर मी हसून, हात हलवून म्हटलं, "नो नो, नॉट नेसेसरी," आणि आग्रहाची वाट बघत बसलो.

आग्रह येईना. पोरीने मान आणखी खाली घातली. मिसेस टानचा चेहरा मेणासारखा पांढरा. मला वाटलं, आपला नम्रपणाच कमी पडला असेल, म्हणून पुन्हा म्हटलं, "रिअली, नो." दीपेश कळवळला, "बाबा, प्या ना." पण तो घरचा, घरच्यांचा आग्रह मोजतात का?

तेवढ्यात अरुणाने कोपर मारलं. "अहो, सासऱ्याने चहा परत केला म्हणून सिनेमातली ती धाकटी विहिरीत गेली. तुम्ही लाह्या आणायला गेला होतात. यांच्यात चहा नाकारला म्हणजे सून नाकारली."

असा झडप घालून कप घेतला म्हणता! उकळता चहा एका घोटात. जीभ भाजली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते पाणी बघून मिसेस टान दीपेशला म्हणतात, "वा, युवर फादर सो टच्ड आ." आणि त्याही रडायला लागल्या. मी आणखी एक कप मागितला, मग आणखी एक. तोवर दीपेशने त्यांना आपली आग्रहाची पद्धत समजावली, आणि कुठे पोर हसली.

लग्न झालं. दर रविवारी दोघं पासिर रिसला आमच्याकडे येतात आणि ह्वी मिन स्वतः चहा करते, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. अरुणाने तिला बजावलंय, बाबा नको म्हणतील, ऐकायचं नाही, आग्रह करायचा. बिचारी 'अर्धा तरी घ्या' घोकून येते. पण मी 'नको' म्हणतोय कुठे? माझी छातीच होत नाही. ती माझ्या 'नको'ची वाट बघत कप भरत राहते, आणि मी त्या विहिरीच्या धाकाने पीत राहतो. सांगा, यात माझं काय चुकलं?

सावकाश सांगा. आधी जरा वाट द्या, आज पाच कप झालेत, मला जाऊन यायचंय.