पाण्याच्या कडेनं

—नको, उभा नको राहूस लिसांद्रो, बस. टोपी काढलीस ती मांडीवर ठेव, पण बोलू नकोस एवढ्यात. मातेचा चहा घे, पाणी आत्ताच तापलंय. शोधपथकातलं कुणी माझ्याकडे येतंय कुठं आता? बर्फ पडलं आणि तुम्ही दोर गुंडाळलेत – दोष नाही देत रे, पुस्तकातसुद्धा तसंच करतात. हसतोस काय? हो, मीच वाचते आता. ती पुस्तकांची भिंत बघ, सगळी आन्सेल्मोची – रानात हरवलेली माणसं, बर्फात अडकलेली माणसं, भुकेपायी कमरेचा पट्टा उकडून खाणारी माणसं! जन्मभर पोस्टात शिक्के मारले नवऱ्यानं माझ्या, आणि संध्याकाळी तू बसलायस ना त्याच खुर्चीत बसून रोज कुठल्या तरी डोंगरात मरता मरता वाचायचा. "एर्सिलिया, ऐक ना, ओल्या लाकडाचा जाळ कसा करतात ते—" मी काय करायचे? शिलाईचं मशीन आणखी जोरात चालवायचे. म्हणायचे, आधी घरातली चूल पेटव बाबा, मग डोंगरात जाळ कर.

तर निवृत्त झाला आणि बूट घेऊन आला. चांगले, महागातले. ईस्टरच्या आठवड्यात, हिवाळा तोंडावर आलेला असताना निघाला – खिंडीपर्यंत जातो म्हणाला, जेवायला परत येतो. कोकरू भट्टीत होतं. दुपारी धुकं उतरलं ते तुला माहीतच आहे, तूच तर सगळ्यांच्या पुढं होतास.

पहिलं पुस्तक मी काढलं ते वाचायला नव्हे, जाळायला. रागानं. पण उघडलं, आणि – माझी एक रीत आहे, आधी शेवटचं पान बघायचं. माणूस घरी पोचत असेल तरच पुढचं वाचायचं, नाही तर ठेवून द्यायचं. पोचतात रे पुष्कळ! बोटं जातात, नाक जातं, पण पोचतात. मग वाचतच गेले. सबंध हिवाळा. वाचताना त्याचाच आवाज यायचा – "एर्सिलिया, ऐक ना" – आणि मी ऐकायचे. मोठ्यानं उत्तर द्यायचे, शेजारच्या बाईला वाटलं घरात कुणी पाहुणा आलाय. सांगू नकोस कुणाला, पण संसारात जेवढा कळला नाही ना, तेवढा नवरा या हिवाळ्यात कळला मला.

आणि प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट आहेच. वाट चुकलात तर पाणी गाठा, पाण्याच्या कडेनं खाली चला, वस्ती लागतेच. तुम्ही आपल्या बाजूचे ओढे सगळे पालथे घातलेत. पण धुक्यात खिंड कधी ओलांडली हे त्याला कळलंच नसेल तर? पलीकडचं पाणी सरहद्दीपार चिलीत उतरतं. तिकडे कुठली वस्ती? नुसतं रान, बांबूची जाळी आणि कडे. तो आपला चालत राहिला असेल – आता कुंपण दिसेल, आता कुत्रं भुंकेल... मागच्या आठवड्यात बटाटे सोलता सोलता माझ्या लक्षात आलं हे. तेव्हापासून एक पान वाचलं नाही मी.

पलीकडेच सापडला ना?

मान हलवलीस तरी पुरे.

हं. पाण्याच्या कडेला. हं.

एकच विचारते. कोट अंगावर होता का त्याच्या? – खाली काय बघतोस? सांग. सदरा? तोही नाही? – अरे, त्यात लाजायचं काय, पुस्तकात आहे ते. गारठून माणूस जायला लागला की अगदी शेवटी त्याला एकाएकी उकडायला लागतं, आपल्याच हातानं कपडे काढून टाकतो. म्हणजे – म्हणजे थंडी वाजत नव्हती त्याला, कळलं का तुला? शेवटी नव्हती वाजत. ऊब वाटली त्याला. चांगली ऊब वाटली—

नको. खांद्यावर हात नको ठेवूस. जा तू आता. तुझी आई दुकानात एकटीच असेल, पावाला गर्दी झाली असेल. जा म्हटलं ना. दार ओढून घे, वारा येतोय.