अट क्रमांक सतरा

अरुणा : आधी ते चकाकतं हिरवट जॅकेट काढा. आत टाय आहे की नाही तेसुद्धा कळत नाही, आणि तुम्ही शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईसारखे दिसताय.

विनय : काढता येणार नाही. अट क्रमांक नऊ. जबाबदार व्यक्ती लांबून ओळखू आली पाहिजे.

अरुणा : ही अट कोणी घातली?

विनय : मीच.

अरुणा : मग भोगा. पण किचनमध्ये तरी काढा, माझे पोहे हिरवे दिसायला लागलेत.

विनय : पोहे नकोत मला.

अरुणा : रात्रीही जेवला नाहीत. या वयात उपाशीपोटी बिअरच्या तंबूत उभे राहाल, चक्कर येऊन पडाल, आणि मराठी मंडळात बातमी जाईल की विनयराव पहिल्याच दिवशी आडवे झाले.

निधी : आई, तू पार्कचा गेट बघितली का? मी आत्ता जॉगिंगला गेली होती. तिथे बाबाची मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलाय, आजच्या बिअरबद्दल कम्प्लेंट असेल तर ह्या माणसाला भेटा.

विनय : कोणता फोटो?

निधी : पासपोर्टवाला. तू खूप रागावलेला दिसतो त्यात.

अरुणा : बरंय. गर्दी कमी होईल.

निधी : पण मला एक समजत नाही. ख्रिसमसला मी ग्लासगोहून आली, तेव्हा तू पार्कमधला बिअर बंद करणार होता. आता जुलैमध्ये आली तर तूच बिअरचा बॉस. मधे काय झाला?

विनय : सगळं नियमानुसार झालं, निधी. तेच तर दुःख आहे.

अरुणा : मी सांगते, नाहीतर ते तुला कलमं ऐकवत बसतील. गेल्या नोव्हेंबरात नवा कायदा आला आणि पार्कच्या गेटवर एक निळा कागद लागला. पार्कातल्या कार्यक्रमांना बिअर विकायची परवानगी मिळावी. अर्ज करणारी कौन्सिल. परवानगी देणारी कौन्सिल. कोणाची हरकत असेल तर कळवावी कोणाला, तर कौन्सिलला.

विनय : तो कागदही कौन्सिलच्या माणसाने तिरका चिकटवला होता.

अरुणा : मग यांनी चौदा पानी हरकत लिहिली. भारतीय संस्कृतीपासून बदकांच्या तब्येतीपर्यंत सगळं होतं त्यात.

विनय : बदकांचा मुद्दा शास्त्रीय होता. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शनिवारच्या रात्रीची रक्तं तपासलीत मी. कोणाच्या रक्तात काय असतं ते मला कोणी सांगू नये.

निधी : बदकांची रक्त?

विनय : माणसांची. तर कौन्सिलच्या त्या ट्रेसीबाईंचं उत्तर आलं की हरकत वाचून आनंद झाला, परंतु कायद्यात हरकतीची कारणं फक्त चार आहेत आणि संस्कृती त्यांत नाही. मी म्हटलं ठीक आहे. मग कायदाच वाचतो.

अरुणा : आणि कायदा नीट कळावा म्हणून परीक्षेला बसले.

निधी : कसली परीक्षा?

अरुणा : दारू विकायचं वैयक्तिक लायसन्स मिळवायची. कम्युनिटी सेंटरमध्ये एका दिवसाचा कोर्स. वर्गात सगळे पबवाले, दंडावर वाघ गोंदवलेले, आणि पहिल्या बाकावर हे, तीन रंगांची पेनं घेऊन.

विनय : कायदा ज्या पुस्तकात सोपा करून दिलाय, ते पुस्तक फक्त त्या कोर्सलाच मिळतं. दुसरा मार्ग नव्हता.

अरुणा : पुस्तक मिळालं होतं. परीक्षा सोडून घरी येता आलं असतं.

विनय : फी भरलेली परीक्षा सोडून यायचं?

अरुणा : ऐकलंस? नापास झाले असते तरी आज सुखात असते. पण नाही. चाळीसपैकी चाळीस.

विनय : जिल्ह्यात पहिला.

अरुणा : तो बॅरी, कोपऱ्यावरच्या पबचा मालक, सोळाच गुण मिळून नापास झाला होता. दुसऱ्या दिवशी दारात हजर. प्रोफेसर, तुमच्या नोट्स मिळतील का. या माणसाने झेरॉक्स काढून दिल्या, वर आठवडाभर शिकवणी घेतली. माझ्या डायनिंग टेबलावर. देवघराकडे पाठ करून.

विनय : विद्यार्थी मेहनती होता. दुसऱ्या खेपेला बत्तीस मिळाले त्याला.

निधी : ओके. पण एक्झाम पास झाला म्हणजे जॉब घ्यायलाच पाहिजे असं नाही ना?

विनय : ते मीच करून ठेवलं. सुनावणीत. परवानगी नाकारणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून मी म्हटलं, द्या, पण अटी घाला. इतक्या घालायच्या की त्यांनीच कंटाळून अर्ज मागे घ्यावा. बावीस अटी नेल्या. काचेचा ग्लास चालणार नाही. रांग एकेरी. तळ्यापासून चाळीस पावलं. चारनंतर ब्रास बँडने संथ वाजवावं.

निधी : आणि त्यांनी हो म्हटला?

विनय : ट्रेसीबाई पहिल्या मजल्यावरून अर्ज घेऊन आल्या होत्या, समिती दुसऱ्या मजल्यावरची. रोज एकत्र जेवतात ते लोक. पण तिथे एकमेकांची ओळख करून घेतली, मॅडम-सर म्हणाले, आणि एकेक अट वाचून, उत्तम, उत्तम करत सगळ्या मान्य केल्या. चेअरमन म्हणाले, इतका कळवळा असलेला नागरिक त्यांनी पाहिलेला नाही.

अरुणा : आता सतरावी सांगा.

विनय : ते ब्रह्मास्त्र होतं माझं.

अरुणा : सांगा ना.

विनय : तंबूचा पर्यवेक्षक लायसन्सधारक असावा, पूर्ण वेळ जागेवर हजर असावा, आणि त्याने जन्मात कधी मद्याला स्पर्श केलेला नसावा.

निधी : ओ बाबा.

विनय : मी हिशोब केला होता. लायसन्सवाले म्हणजे पबवाले. त्यांच्यात न पिणारा कुठून मिळणार? समितीने दहा मिनिटं कागद चाळले. मला वाटलं, जिंकलो. मग ट्रेसीबाईंनी लायसन्सधारकांची यादी काढली, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

अरुणा : आणि तिथे नाही म्हणायचं सोडून यांनी सही केली.

विनय : नाही म्हटलं असतं तर चेअरमन सतरावी अट काढून टाकत होते. मग तिथे कोणीही उभा राहिला असता. अट टिकवायला सही केली मी.

निधी : मग नको जाऊ आज. तू नसला तर तंबू उघडत नाही. बिअर नाही. यू विन.

विनय : सही केलेल्या जागेवर न जाणं मला जमणार नाही. पण कायद्यात बसणारी एखादी पळवाट मिळाली तर मी आत्ता या क्षणी राजीनामा लिहितो. रात्रभर शोधतोय. आजवर मंडळात मी काय काय बोललोय लोकांना. दिवाळीच्या लकी ड्रॉमध्ये त्या पुष्करला लागलेली वाइनची बाटली परत पाठवून मी त्याला कुकर दिला होता.

अरुणा : तो पुष्कर आज सगळ्यात पुढे उभा असणार आहे. मंडळातल्या सुनेत्राचा फोन आला होता. कुकर घेऊन येतोय म्हणे, त्यात पिंटभर बिअर मागणार आहे.

विनय : अट चार. भांडं कौन्सिलचंच हवं.

अरुणा : टाय बदलून या. या टायवर गेल्या वर्षीचं श्रीखंड आहे.

(विनय वर जातो.)

निधी : आई, तू सांग ना त्याला.

अरुणा : काय सांगू?

निधी : पुडिंग. शेजारच्या मिसेस होल्रॉइडची ख्रिसमस पुडिंग.

अरुणा : हळू बोल.

निधी : ती नोव्हेंबरपासून प्रत्येक संडेला त्याच्यात ब्रँडी घालते. चमच्यानी. मी लहान होती तेव्हा मला पण घालायला द्यायची. आणि ख्रिसमसला बाबा दोन बोल खातो. दरवर्षी. कस्टर्ड घालून.

अरुणा : मला माहीत नाही का? पहिल्या वर्षी ती इथे येऊन पुडिंगवर ब्रँडी ओतून काडी लावणार होती. मी म्हटलं, आमच्याकडे खायच्या वस्तूला आग लावत नाहीत, धर्म आहे. बिचारीने अठ्ठावीस वर्षं तो धर्म पाळला.

निधी : मग झाला ना. बाबा कधी प्यायला नाही हे ट्रू नाही. सतरा नंबर तुटली. बाबा फ्री, आणि कोणी खोटं पण बोलला नाही.

अरुणा : इतकं सोपं नाही गं ते. नागपूर स्टेशनवर त्यांनी आपल्या आईंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता, तिकडे जाऊन थेंब घेणार नाही. आम्ही दोघं विलायतेला निघालो होतो, आणि शेजारी तुझे आजोबा ट्रंक धरून उभे होते. सकाळचे दहा वाजले होते, पण त्यांना ट्रंकेचाच आधार होता. आई परत भेटल्या नाहीत. त्या एका शब्दावर हा माणूस पस्तीस वर्षं मान ताठ ठेवून चाललाय. तो मी पुडिंगवर मोडू?

निधी : पण तो रात्री झोपला नाही. मी ऐकला, खाली-वर करत होता.

अरुणा : तेच मला बघवत नाही.

निधी : मग?

अरुणा : मग सांगते. काय करू? आज मंडळासमोर हसं होण्यापेक्षा घरात दोन दिवस रडलेलं बरं.

निधी : तो येतोय.

विनय : हा टाय ठीक आहे?

अरुणा : ठीक आहे. बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय. दर ख्रिसमसला मिसेस होल्रॉइड आपल्याला जे पुडिंग—

विनय : सतराव्या अटीत मी शेवटच्या क्षणी दोन शब्द घातले होते. समितीसमोरच, पेनने. 'स्वतःच्या माहितीप्रमाणे.' स्वतःच्या माहितीप्रमाणे त्याने कधी मद्याला स्पर्श केलेला नसावा.

अरुणा : का घातले?

विनय : तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला नाक असतं, अरुणा.

अरुणा : म्हणजे तुम्हाला...

विनय : मला काहीही माहिती नाही. ते पुडिंग मला आवडतं, एवढंच माहिती आहे. तू वाक्य पुरं करू नकोस.

निधी : पण बाबा, वाक्य पुरा झाला तर तू फ्री होशील. तुला ती पळवाट पाहिजे होता ना?

विनय : हवी होती. आत्ता टाय बांधेपर्यंत हवी होती.

अरुणा : आणि आता?

विनय : वर आरशात ते जॅकेट बघत होतो. मला बॅरीची आठवण झाली. सगळं पाठ झालं त्याचं, पण एकतिसाव्या प्रश्नाला अडायचा. गिऱ्हाइकाला जास्त झालीय, तुमच्या ओळखीचा आहे, आणखी एक मागतोय. काय कराल? उत्तर सोपं आहे, देऊ नये, कायद्याने गुन्हा आहे. बॅरी म्हणाला, प्रोफेसर, उत्तर येतं मला, पण वीस वर्षांत एकदाही जीभ वळली नाही. समोरचा मित्र असतो.

अरुणा : बरं मग?

विनय : बाबांना आणायला मी जायचो, गुत्त्यावर. सातवीत होतो. दारात उभा राहून बघायचो. तो ओतणारा बाबांना नावाने ओळखायचा, मला ओळखायचा, आईलाही ओळखायचा. चांगला माणूस होता तो, मला फुटाणे द्यायचा. पण पेला पुढे आला की भरायचा. एकदाही 'गोविंदराव, आता बास' म्हणाला नाही. त्याचा मला इतका राग आहे, अरुणा, की बाबांवर रागवायचं राहूनच गेलं.

निधी : बाबा.

विनय : मला वाटत होतं, मी तिथे उभा राहिलो म्हणजे मी तो माणूस होणार. पण बास म्हणायचा अधिकार कोणाला आहे त्या तंबूत? फक्त मला. तशी सही आहे माझी. आज एखाद्याला तरी म्हणेन.

अरुणा : आणि तो ऐकला नाही तर?

विनय : अट बावीस. त्याला बाकावर बसवावं, आणि घरचं कोणी येईपर्यंत पर्यवेक्षकाने सोबत बसावं.

निधी : तेही त्यांनी मान्य केला?

विनय : ती एवढी एक त्यांनी न वाचताच मान्य केली. तोपर्यंत लंचची वेळ झाली होती. साडेअकरा वाजत आले, मी निघतो. तंबू बाराला उघडायचाय.

अरुणा : थांबा. पोहे डब्यात घातलेत, उभ्या उभ्या खा. आणि हे चहाचे दोन थर्मास.

विनय : दोन कशाला? मला एक पुरे.

अरुणा : हा तुमचा, बिनसाखरेचा. तो दुसरा बाकावरच्या माणसासाठी. त्यात साखर जास्त घातलीय, मामंजींना लागायची तेवढी.