शिमोतोराचं टेनिस कोर्ट आणि इसोबेसान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावाचे महापौर माननीय काकिझाकीसान. व्यासपीठावर विराजमान झालेले जिल्हा क्रीडा परिषदेचे सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या क्रीडा संघटनेचे मावळते प्रमुख श्री. इसोबे ताकेओ आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. युकिएसान, आणि शेतातली बीटाची काढणी अर्धी टाकून आलेल्या माझ्या शिमोतोराच्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नुकाया तोमिएचा नमस्कार.

महिला टेनिस मंडळाच्या वतीने दोन शब्द बोलायला मी उभी आहे. मघाशी पायऱ्या चढताना अध्यक्षांनी माझ्या कानात सांगितलं, "नुकायाबाई, थोडक्यात बोला. आणि गोड बोला." आता माझं दुकान गोड पावांचं आहे हे खरं. पण गोड तिथेच ठेवून आले.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी इसोबेसानांना आपल्या टेनिस कोर्टाचे शिल्पकार म्हटलं. टाळ्याही झाल्या. बाहेर फाटकापाशी कापडाने झाकलेली एक पाटी उभी आहे. हा कार्यक्रम संपला की तिच्यावरचं कापड निघणार आणि कोर्टाला इसोबेसानांचं नाव लागणार. म्हणूनच विचारते. कुठल्या कोर्टाचे शिल्पकार? पहिल्या की दुसऱ्या?

पहिलं आठवतंय ना? जुन्या घेवड्याच्या शेतावर बांधलेलं? आपल्याकडची जमीन हिवाळ्यात कशी वागते हे इथे कुणाला सांगायला हवं का? माती पाणी धरून ठेवते, ते पाणी गोठतं, फुगतं आणि वरचं सगळं उचलून धरतं. दरवर्षी मार्चमध्ये कोठारांची दारं अडकतात, कुंपणाचे खांब वर येतात, थडगी कलतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. इसोबेसान टोकियोहून आले असते तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. पण ते जन्मले याच गावात. त्यांच्या वडिलांच्या कोठाराचं दार खांद्याने ढकलून उघडताना मी त्यांना पाहिलंय. त्यांना सगळं माहीत होतं.

मी त्यांच्या कचेरीत गेले होते. म्हटलं, "इसोबेसान, माती खोल काढा. खाली जाड खडी भरा, पाणी बाहेर जायला नळ टाका. नाहीतर दोन हिवाळेसुद्धा टिकणार नाही."

ते हसले. म्हणाले, "नुकायासान, टेनिस जमिनीवर खेळतात. जमिनीत नाही."

कचेरीतले सगळे हसले. आत्ताही मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसा. वाक्य आहेच झकास. घाई होती हो त्यांना. शरदात जिल्ह्याची स्पर्धा आपल्या गावात घ्यायची होती. घेतली. फीत कापली, फोटो निघाले. मग जानेवारीत परिषदेचे पाहुणे येणार म्हणून त्यांनी यंत्र लावून कोर्टावरचं सगळं बर्फ काढायला लावलं, हिरवा रंग दिसावा म्हणून! अहो, ते बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण. ते ओढून घेतलंत आणि थंडी आणखी खोल उतरली.

वसंतात कोर्टाला पोट आलं. जाळीचा एक खांब वेड्यावाकड्या दातासारखा वर आला. मागच्या रेषेजवळ आडवी भेग पडली. तेव्हा तरी खेळ थांबवायचा? इसोबेसानांनी भेग बुजवली आणि वरून रंग फासला. भेग दिसेनाशी झाली. उंचवटा तिथेच राहिला.

त्या जूनमध्ये ओनोदेरा मिझुहो तिथे खेळत होती. आपल्या गावाने इतकी चांगली खेळाडू आजवर पाहिली नव्हती. सेंदाइ शहरातल्या एका कंपनीने तिला आपल्या टेनिस संघात बोलावलं होतं. सामानाची बांधाबांध सुरू होती. उंच आलेला चेंडू मारायला ती मागे धावली, पाय त्या उंचवट्यावर पडला आणि गुडघा फिरला. मी जाळीपाशी होते. आवाज मला ऐकू आला. शस्त्रक्रिया झाली, पण कंपनीने दुसरी मुलगी घेतली.

आणि इसोबेसान काय म्हणाले? सर्वांसमोर म्हणाले, "मुलीची नजर चेंडूवर होती, पायाखाली नव्हती."

टेनिस शिकवणाऱ्यांनो, आपण मुलांना दुसरं काय सांगतो हो? चेंडूवर नजर ठेव, हेच ना? पायाखालची जमीन सपाट असेल, हा शब्द त्यांना कुणी दिलेला असतो?

"नुकायासान, आजच्या दिवशी तरी..."

ऐकलंत? हे इसोबेसान बोलले. आजच्या दिवशी नाही तर कधी बोलू? उद्या तुम्ही दोघं कायमचे दक्षिणेला, मियाझाकीला निघालात. बसा. माझं संपलेलं नाही.

आम्ही बायकांनी त्या कोर्टावर पाय ठेवणं सोडलं. नगरसभेच्या दारात रॅकेट घेऊन उभ्या राहिलो. शेवटी काकिझाकीसान निवडून आले आणि त्यांनी नवं कोर्ट मंजूर केलं, हे मी आदराने सांगते. मे महिन्यात जुनं कोर्ट उखडून त्याच जागी खोदाई सुरू झाली. वर पाखरं ओरडत होती आणि खाली मातीत अजून बर्फाचे पापुद्रे होते, एकावर एक, काचेसारखे. माझ्या उंचीला जवळपास छातीपर्यंत खड्डा गेला. माती उचलून नेली, जाड खडी भरली, थराथराने दाबली, कडेने नळ टाकले. खांबांचे पाये गोठणाऱ्या थराच्याही खाली नेले. वर डांबर अंथरलं, एका बाजूला अगदी किंचित उतार देऊन. इसोबेसान एकदा चकचकीत बूट घालून आले, खड्ड्यात पाहिलं आणि निघून गेले.

पण शरद आला आणि पुन्हा घाई आली! वरचा कृत्रिम गवताचा हिरवा गालिचा आताच अंथरा, बर्फाआधी उद्घाटन करू, असं इसोबेसानांचं म्हणणं. आमचं म्हणणं, एक हिवाळा तळ उघडा राहू दे. काय वर यायचं ते येऊ दे, काय खचायचं ते खचू दे, मग वरचं काम करू. याच सभागृहात सभा झाली. तुम्हीच होतात सगळे. "पोरं मोठी झाली वाट बघून!" "या बायकांना खेळायचंच नाही, भांडायचंय!" एक जण म्हणाला, "आधी पाव नीट भाज, मग आम्हाला कोर्ट शिकव!" त्या महिन्यात माझ्या दुकानाच्या काचेतले पाव संध्याकाळपर्यंत तसेच असायचे. शेजारच्या लोकांनी रस्ता ओलांडून पलीकडून जायला सुरुवात केली. विसरलात? मी नाही विसरले.

थांबण्याच्या बाजूने कोण, असं विचारलं गेलं. माझा हात वर होता. माझ्या मंडळातल्यासुद्धा खाली बघत होत्या. कुणाचा नवरा इसोबेसानांच्या हाताखाली, कुणाचा भाऊ. मला वाटलं, हरलो.

तेव्हा पहिल्या रांगेतून एक हात वर आला. तो युकिएसानांचा होता.

व्यासपीठावरून इसोबेसान दबक्या आवाजात म्हणाले, "हात खाली कर."

युकिएसान म्हणाल्या, "अहो, मी अजून एक हिवाळा थांबेन."

"युकिए, घरी बोलू."

"घरी बोललेच की. तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून इथे बोलते. ती मुलगी पडली त्याच कोपऱ्यात मी रोज खेळायला उभी राहत होते. ती भेग मला माहीत होती. तुम्हालाही होती."

ध्वनिक्षेपक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यांनी हात खाली घेतला नाही. मग एकेक करून आमच्या बायकांचे हात वर आले आणि नंतर काही पुरुषांचेही. थोडक्यात जिंकलो. त्या रात्री युकिएसान घरी कशा गेल्या असतील, त्यांना काय ऐकावं लागलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात थंडीने काहीही हातचं राखलं नाही. एप्रिलमध्ये आम्ही बादल्या घेऊन गेलो, डांबरावर पाणी ओतलं आणि बघत बसलो. पाणी सरळ कडेच्या गटारात गेलं. एक थेंबही साचला नाही. युकिएसानांनी बूट काढले, डोळे मिटले आणि नुसत्या मोज्यांनिशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. मागच्या कोपऱ्यात थांबून म्हणाल्या, "काहीच लागत नाही पायाला." मग मात्र त्या रडल्या. त्यानंतर कित्येक हिवाळे गेले. खांब सरळ आहेत.

मिझुहो आज तिथे लहान मुलांना शिकवते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. इसोबेसान, तुम्ही तिला दवाखान्यात भेटायला गेला नाहीत, नंतरही कधी बोलला नाहीत. आत्ता ती तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी थांबते. घ्या वेळ.

नाही? ठीक आहे. सभागृहाने पाहिलं.

अध्यक्षमहाराज, पाटीचं काय करायचं ते आपण ठरवावं. फक्त त्या फाटकातून मिझुहो रोज मुलांना घेऊन आत जाते, एवढं मनात ठेवून ठरवावं.

आणि महिला मंडळाचा निरोप? तो द्यायलाच मी आले आहे. युकिएसान, तो तुमच्यासाठी आहे. तुमच्यासारखी जोडीदार आम्हाला पुन्हा मिळणार नाही. चेंडू चुकला तरी तुम्ही कोर्टावर कधी "सॉरी" म्हणाला नाहीत, पुढचा चेंडू घ्यायला धावलात. मियाझाकीत थंडी नाही म्हणतात. वर्षभर खेळा. आणि तिथे करमलं नाही तर परत या, एकट्या आलात तरी चालेल. माझ्या घरात खोली आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. वेळ जास्त घेतला, कुणाचा मानपान राहून गेला, बोलण्याच्या ओघात शब्द वाकडा गेला, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. इसोबेसानांना जे लागलं असेल, ते लागावं म्हणूनच बोलले. त्याची माफी मी मागत नाही. नमस्कार.