सातव्या गल्लीची मिनिटं

...आणि वर मलाच सांगतात, ‘आबा, तुम्ही आता निवांत बसा!’ अरे, कुठे बसू? बावीस वर्षं या गावात वॉलमन म्हणून उभा राहिलो. गल्लीच्या तोंडाशी खड्डा, खड्ड्यात वॉल, हातात कंबरेएवढी लोखंडी चावी. पाणी सोडायचं, थांबायचं, बंद करायचं, पुढच्या गल्लीला चालायचं... बसायची सवयच मोडली हो माझी. नारळ दिला, शाल दिली, चावी जमा करून घेतली. पण सुटका? सुटका कुठे आहे!

गावाचं नाव नाही सांगत तुम्हाला. दोंडाईच्याकडून धुळ्याला येताना लागतं, एवढं समजा. नाव सांगितलं तर पोरांच्या सोयरिकी अडतात. मुलीवाले पोह्यांची ताटली हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘पाणी कितव्या दिवशी येतं?’ आठव्या दिवशी म्हटलं, की पोहे अर्धे राहतात आणि गाडी चालू होते.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. चौथी शिकलेला, चौथी म्हणजे तीही सलग नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कोणी काही बोललं की ऐकून घ्यायचं, एवढं माझं शिक्षण. मागच्या वर्षी साहेब म्हणाले, ‘गिरधर, आता वॉल आपोआप फिरणार, मशीन फिरवणार.’ मी काही बोललो नाही.

मग त्या मशीनला शिकवायला शिल्पा आली. पोरगी दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली, वडील तिचे पॉवर हाऊसला होते. गुणाची पोरगी. बावीस वर्षांत त्या ऑफिसात मला कोणी खुर्ची दिली असेल तर तिने. ‘आबा, बसा. मला सगळ्या गल्ल्या तुमच्याकडूनच समजून घ्यायच्या आहेत.’ आणि समोर तिच्या कॉम्प्युटरचा तो काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही, रंग नाही, नुसत्या ओळी! मला म्हणते, ‘आबा, हा हुकूम. अमुक गल्ली उघड, तमुक मिनिटांनी बंद कर. आता चौदा गल्ल्या म्हणून चौदा हुकूम लिहायचे का? नाही. हुकूम एकच. अमुक आणि तमुक हे नुसते डबे आहेत. मशीन यादीतली एक ओळ घेणार, गल्लीचं नाव एका डब्यात टाकणार, मिनिटं दुसऱ्या डब्यात टाकणार, हुकूम सोडणार. गल्ली झाली, डबे झटकले, पुढची ओळ. याला व्हेरिएबल म्हणतात.’

मला पटलं! खरंच पटलं. म्हटलं, मीही तेच करत होतो की बावीस वर्षं. चावी एकच, गल्ल्या चौदा.

मग ती विचारत गेली, मी सांगत गेलो. पहिली गल्ली? पस्तीस मिनिटं. दुसरी? चाळीस, तिथे लोक जास्त. तिसरी, चौथी, पाचवी... सहावी, तीस. पोरीची बोटं टकटक टकटक. ‘सातवी, आबा?’

मी काही बोललो नाही.

‘आबा, सातवी?’

‘बघू.’

‘बघू म्हणजे किती?’

आता काय सांगू तिला! सातव्या गल्लीचं तुम्हाला सांगतो, गल्ली नाहीच ती, टेकाड आहे. खाली वॉल, वर चढत चढत घरं, आणि पार टोकाला द्रौपदाअक्काचं घर. एकटी बाई, ऐंशीच्या घरातली, नळ तिचा अर्ध्या इंचाचा. आणि खालच्या घराघरांत नळाला मोटर! लावायची नाही असा नियम आहे, म्हणून सगळे गोणपाटाखाली लावतात. पाणी सुटलं की पहिला, अगदी खालच्या घरातल्या नवलचा पंप घुर्र... मग शेजारचा घुर्र... मग पलीकडचा. पाणी काय करेल बिचारं? चढेल का टेकाड? खालच्यांच्या टाक्या भरल्या, पिंपं भरली, नवलने जीप धुतली, जीपचे पाय धुतले, मग जे उरेल ते अक्काकडे. एखाद्या दिवशी ऐन वेळी लाईट गेली, की मोटरी बंद! पाणी सरळ वर. अर्ध्या तासात अक्काचं घर भरलेलं. लाईट गेल्यावर सगळं गाव शिव्या देतं, मी मनात हात जोडतो. आणि कोणाकडे लग्न असलं, पाहुणे असले, तर सव्वा तास झाला तरी तिचा नळ नुसता फुसफुसतो.

मग मिनिटं किती सांगायची? मी घड्याळ बघायचोच नाही. मी खाली वॉलपाशी उभा राहायचो, वरून तिची हाक येईपर्यंत. ‘गिरधर! बस व्हयनं रे भाऊ!’ म्हणजे बस झालं, की मी चावी फिरवायचो. बावीस वर्षं असंच. रजिस्टरात लिहायचो पंचेचाळीस, आणि खाली सही.

रजिस्टरात खोटं लिहिता येतं हो, रजिस्टर काही वर बघत नाही. ही पोरगी समोर बसून डोळ्यांत बघते! पंचेचाळीस सांगावं तर अक्काचा हंडा रिकामा. खरं सांगावं तर साहेब म्हणणार, हे काय चालवलं होतं? आणि नवल म्हणणार, आमच्या मोटरी काढता आणि त्या म्हातारीचे एवढे लाड? मी आपलं पागोटं काढलं, परत घातलं. पोरगी म्हणाली, ‘बरं, नंतर भरू,’ आणि आठवीवर गेली. सातवीच्या पुढे जागा रिकामी. दोन दिवसांनी साहेब आले, ‘झालं का? सोमवारी उद्घाटन आहे, हार सांगून ठेवलेत.’ नंतर भरायचं ते राहून गेलं. मला आठवत होतं. पण मी काही बोललो नाही.

सोमवार. माझी पहिली मोकळी सकाळ. आमच्या मंडळी, मंजुळाबाई, म्हणाल्या, ‘आज तरी बसा दारात, चहा करते.’ बसलो. पहिली गल्ली झाली, दुसरी झाली, सगळं अगदी घड्याळासारखं, मला दारातून पाण्याचे आवाज कळत होते ना! सातवीला पाणी सुटलं. चहा झाला. दुसरा चहा झाला. मनात म्हटलं, पोरीने काहीतरी आकडा टाकला असेल, एखादा तासाचा टाकला असेल. तिसऱ्या चहाला मंजुळाबाई म्हणाल्या, ‘अहो, हे काय? आपल्या दारातून नदी चालली!’

बघतो तर काय, टेकाडावरून पाणी खाली! नवलची टाकी भरून वाहतेय, गटारं भरून वाहतायत, आणि त्या पाण्यातून काठी टेकत टेकत द्रौपदाअक्का उतरतेय, नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मला बघितलं आणि उभ्याउभ्या जी सुरू झाली! ‘गिरधर! तुना कान गयात का? तासभर बोंबलतेय मी, बस व्हयनं, बस व्हयनं! बठ्ठं पाणी गटारमा चालनं! मला वाटलं, तू जित्ता शे का नही!’

तासभर हो. ती बाई तासभर त्या खड्ड्याला हाका मारत होती, आणि खड्ड्यात मी नव्हतोच.

मी पळालो ऑफिसात. या वयात पळणं म्हणजे काय, भरभर चाललो. तिथे शिल्पाचा चेहरा पांढराफटक. तिने वॉल बंद केला, पण पाण्याची उंच टाकी तळाला गेली होती. आठवी ते चौदावी, सात गल्ल्या कोरड्या! पुढची पाळी आठ दिवसांनी! बाहेर बायका हंडे घेऊन उभ्या, आणि नवल सगळ्यांत पुढे, ‘आम्ही कर भरतो!’ अरे, तुझी तर जीपसुद्धा भरली पाण्याने!

मी पोरीला हळूच विचारलं, ‘झालं काय?’ ती पडद्याकडे बघत म्हणाली, ‘सातवीच्या मिनिटांचा डबा रिकामा होता, आबा. मला वाटलं, रिकामा असला तर मशीन अडेल, मला विचारेल. पण ते अडत नाही. डबा रिकामा असला की हुकुमातून तेवढा शब्दच गळून जातो. सातवी गल्ली उघड. बस. कधी बंद कर, ते कोणी सांगितलंच नाही. मग ते उघडून बसलं, आणि पुढच्या ओळीवर गेलंच नाही.’

तेवढ्यात साहेब. गळ्यात अजून उद्घाटनाचा हार. ‘शिल्पा मॅडम! हे कसलं काम? सात गल्ल्यांना काय तोंड दाखवू? उद्यापासून येऊ नका तुम्ही!’ आणि ती पोरगी, तुम्हाला सांगतो, माझ्याकडे एकदा बघते आणि खाली मान घालून म्हणते, ‘हो सर, माझीच चूक. मी तपासायला पाहिजे होतं.’ माझं नाव नाही घेतलं तिने! आबांनी मिनिटं सांगितली नाहीत, एवढं एक वाक्य होतं, म्हणाली असती तर सुटली असती.

तेव्हा मी बोललो.

काय बोललो ते मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, अर्धा तास बोललो. टेकाड, नवलचा पंप, लाईट, अक्काची हाक, पंचेचाळीसची खोटी सही, सगळं. नवल गोणपाटाचं नाव निघताच मागे सरकत सरकत हंडेवाल्या बायकांच्या पार मागे गेला. शेवटी साहेबांनी हार काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘म्हणजे बावीस वर्षं तुम्ही एका बाईच्या हाकेवर गावाचं पाणी चालवलं?’

‘नाही साहेब,’ म्हटलं, ‘गावाचं नाही. एका गल्लीचं.’

मागून कोणीतरी बाई हसली. मग सगळ्या हसल्या. साहेबांनी टँकरसाठी फोन उचलला. सात गल्ल्यांना टँकर गेले, दोन दिवस लागले, पण पोरगी राहिली कामावर. तिने पहिलं काम काय केलं? हुकुमाच्या आधी एक ओळ घातली, की कुठलाही डबा रिकामा असला तर तिथेच थांब आणि ओरड. म्हटलं, छान, हे माणसांनाही घालता आलं असतं तर!

आणि दुसरं काम. मला म्हणाली, ‘आबा, सातवीला मिनिटं टाकतच नाही. उघडेल, आणि तुमच्या मोबाईलला विचारेल, बंद करू का? तुम्ही हो दाबलं की बंद.’ मी मोबाईल काढून तिच्या हातात दिला.

तेव्हापासून दर आठव्या दिवशी सकाळी मी अक्काच्या ओट्यावर. पाणी चढेपर्यंत ती चहा देते, आणि हंडे भरले तरी ‘बस व्हयनं’ लवकर म्हणत नाही, कारण एवढं गोष्टी करायला तिच्याकडे येतं कोण?

परवा लेक वरणगावहून फोनवर रागावली. ‘बाबा, चार दिवस या ना. रिटायर झालात ना तुम्ही?’ मी शिल्पाला जाऊन विचारलं. ती हसून म्हणाली, ‘त्यात काय, आबा! तुमचा नंबरसुद्धा एक डबाच आहे. दुसऱ्याचा टाकला की झालं. सांगा, कोणाचा टाकू?’

मी विचार केला. नवलचा? साहेबांचा? सगळं गाव डोळ्यांसमोरून गेलं हो, चौदाही गल्ल्या. पोरगी बोटं तयार ठेवून बसलेली. कोणाचाच टाकू नको म्हणावं, तर रिकाम्या डब्याने काय होतं ते गावाने पाहिलेलं.

म्हटलं, ‘राहू दे बाई, माझाच राहू दे.’ आणि लेकीला कळवून टाकलं, की येतो म्हणून. पाणी रोज यायला लागलं की लगेच येतो.